पहिल्या स्लाइडवर आकृती कशी काढायची: मानशीचं चित्र, पायरी पायरीने

"सर, घरी बरोबर दिसत होतं." शाळा-कॉलेजांत प्रोजेक्टांचे दिवस आले की गोव्यात डिचोलीतल्या आमच्या संगणक वर्गात हे वाक्य दिवसाआड ऐकू येतं. गेल्या खेपेला एका मुलीची खाजन शेतीवरची, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या शेतीवरची, फाइल उघडली, तर बांध एकीकडे, नदी दुसरीकडे आणि बाण थेट आभाळात. मोजले तर एकोणतीस सुटे तुकडे निघाले. एकही तुकडा दुसऱ्याला बांधलेला नव्हता. रंग मात्र सुंदर होते, अगदी छटा उतरत जाणारे.

गोची तिथेच होते. जवळजवळ सगळे जण रंगापासून सुरुवात करतात. दहा मिनिटं निळा निवडण्यात जातात, मग आकार हलतो, मग मजकूर मावत नाही म्हणून आकार ताणला जातो आणि केलेलं सगळं परत करावं लागतं. क्रम उलटा ठेवा: आधी माप, मग आकार, मग रांग, मग मजकूर आणि बाण. रंग त्यानंतर.

उदाहरण म्हणून एकच स्लाइड शेवटपर्यंत करू: खाजनाची मानस कशी चालते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खाजन जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असते. नदीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध असतो आणि त्या बांधात लाकडी फळ्यांचं दार, म्हणजे मानस. भरतीला नदीचं पाणी दाराला बाहेरून रेटतं, दार बंद होतं. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतलं पाणी दार नदीच्या बाजूला ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायची गरज नाही. स्लाइडवर हे दाखवायला दोन चित्रं शेजारी शेजारी हवीत, डावीकडे भरती आणि उजवीकडे ओहोटी.

पायऱ्या विंडोजवरच्या पॉवरपॉइंटच्या आहेत, २०१६ किंवा पुढच्या आवृत्तीच्या. गूगल स्लाइड्स किंवा लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये बटणांच्या जागा बदलतात, क्रम तोच राहतो.

१. आधी कागद

वहीचं पान आडवं धरा आणि पेन्सिलीने चित्र काढा. चित्रकला यायची गरज नाही, चौकोन आणि रेघा पुरे. मग प्रत्येक तुकड्यापुढे लिहा, तो काय सांगतो. नदी: पाण्याची पातळी. बांध: अडवणारी भिंत. वाट: बांधातून पाणी जायची जागा. फळी: उघडी की बंद. ज्या तुकड्यापुढे काहीच लिहिता येत नाही तो खोडा. त्या मुलीच्या एकोणतीस तुकड्यांत तीन ढग, एक सूर्य आणि दोन माड होते. माड बांधावर असतात हे मान्य, पण दार का मिटतं ते माड सांगत नाही.

*तपासणी:* कागदावरचं चित्र घरात कुणाला तरी तोंडाने काहीही न सांगता दाखवा. "हे पाणी इकडून तिकडे जातं ना?" असं त्यांनी विचारलं तर पुढे जा. "हे काय?" असं विचारलं तर चित्र अजून झालेलं नाही.

२. स्लाइडचं माप ठरवा

डिझाइन टॅबमध्ये स्लाइड साइज आहे. रुंद स्लाइड, म्हणजे १६:९, डीफॉल्ट असते: ३३.८७ सेंमी रुंद, १९.०५ सेंमी उंच. काही वर्गांतले जुने प्रोजेक्टर अजून ४:३ चे आहेत. त्यावर रुंद स्लाइड चालते, फक्त वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि सगळं लहान दिसतं. जिथे सादर करणार तिथे आधी विचारून घ्या आणि माप आत्ताच पक्कं करा. पुढे बदललंत तर पॉवरपॉइंट सगळे तुकडे तरी लहान करतो, नाही तर कडेबाहेर ढकलतो.

आपण १६:९ धरू. होम टॅबच्या लेआउटमधून फक्त शीर्षकाची चौकट असलेला 'टायटल ओन्ली' लेआउट घ्या. शीर्षक त्या चौकटीतच लिहा, वेगळा टेक्स्ट बॉक्स काढू नका.

आता हिशेब. दोन्ही कडांना १.५ सेंमी सोडा. प्रत्येक चित्र १४.५ सेंमी रुंद, मध्ये १.८७ सेंमीची फट. बेरीज ३३.८७ येते. हे आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, लागणार आहेत.

व्ह्यू टॅबमध्ये रूलर आणि गाइड्स सुरू करा. गाइड्ससाठी ऑल्ट+एफ९ ही चालतं.

३. आकार काढा, पण आधी एक आकार घडवा

इन्सर्ट, शेप्स, चौकोन. एक कुठेही काढा. पॉवरपॉइंट त्याला आपला निळा रंग देईल. तो बदलून फिकट करडा भर द्या आणि कड काळी, बारीक. मग त्यावर राइट क्लिक करून 'सेट ॲज डीफॉल्ट शेप' निवडा. यापुढे या फाइलमध्ये काढलेला प्रत्येक आकार करडाच येईल. रंगाचा मोह टाळायला याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही.

आता डाव्या चित्राचे तुकडे. आकार निवडला की वर शेप फॉरमॅट टॅब येतो, त्याच्या उजव्या टोकाला उंची-रुंदीचे दोन रकाने असतात. माउसने अंदाजे ओढू नका, आकडे लिहा:

- नदी: चौकोन, रुंदी ७.५, उंची ५
- खाजनातलं पाणी: चौकोन, रुंदी ७, उंची ३
- बांध: ट्रॅपेझॉइड, रुंदी ४, उंची ६
- वाट: चौकोन, रुंदी ४, उंची १.५
- फळी: चौकोन, रुंदी ०.३, उंची २

नदी आणि खाजन मिळूनच १४.५ होतात, मग बांधाला जागा कुठे? बांध या दोघांच्या पुढे बसणार आहे. त्याच्या बाजू उतरत्या असतात. पाणी बांधाच्या कडेशी संपवलंत तर दोन्हीकडे पांढरे त्रिकोण उरतात. म्हणून पाणी बांधाच्या मागून न्यायचं आणि सांधा बांधाखाली लपवायचा. बांधाचा माथा किती रुंद हवा ते त्याच्यावरच्या पिवळ्या ठिपक्याने ठरवा.

*इशारा:* आकार चुकीचा निवडला तर पुसून नवा काढू नका. शेप फॉरमॅटमध्ये एडिट शेप, चेंज शेप आहे. आकार बदलतो, माप आणि जागा तशीच राहते.

४. रांग आणि थर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवशिक्याची स्लाइड ओळखू येते ती रांगेवरून, रंगावरून नव्हे.

नदीवर राइट क्लिक, 'साइज अँड पोझिशन'. आडवी जागा (हॉरिझाँटल पोझिशन) १.५, उभी (व्हर्टिकल) १० सेंमी. नदीची उंची ५, म्हणजे तळ १५ वर आला. खाजनातलं पाणी: आडवी जागा ९, उभी १२. बांध: आडवी ७, उभी ९. वाट: आडवी ७, उभी १३.५. फळी: आडवी ६.७, उभी १३. प्रत्येकाची उभी जागा आणि उंची मिळवून पाहा, बेरीज १५ च यायला हवी. सगळ्यांचा तळ एका रेषेत.

आकडे लिहायचा कंटाळा असेल तर शिफ्ट दाबून पाचही निवडा आणि अलाइन, अलाइन बॉटम करा. मात्र त्या यादीत खाली 'अलाइन टु स्लाइड' आणि 'अलाइन सिलेक्टेड ऑब्जेक्ट्स' असे दोन पर्याय असतात. पहिल्यावर खूण असेल तर पाचही तुकडे एकदम स्लाइडच्या तळाला जाऊन बसतात आणि मुलं घाबरतात. कंट्रोल+झेड करा, दुसऱ्यावर खूण करा, परत करा.

आता थर. मागून पुढे असा क्रम हवा: नदी आणि खाजन, मग बांध, मग वाट, सर्वांत पुढे फळी. 'ब्रिंग फॉरवर्ड' आणि 'सेंड बॅकवर्ड' दाबत बसण्यापेक्षा ऑल्ट+एफ१० ने सिलेक्शन पेन उघडा. तिथे प्रत्येक तुकड्याचं नाव दिसतं. वरचं नाव म्हणजे पुढचा थर. नावं 'रेक्टँगल ७' अशी असतील, ती डबल क्लिकने बदलून नदी, बांध, फळी करा. याला दोन मिनिटं लागतात. पुढे एखादा तुकडा दुसऱ्याच्या मागे दडला की माउसने तो सापडत नाही, इथे नावावरून सापडतो.

*तपासणी:* शिफ्ट+एफ५ दाबून हीच स्लाइड पूर्ण पडद्यावर पाहा. करड्या रंगातही नदी, बांध, वाट वेगळी कळते का? कळत नसेल तर दोष मांडणीचा आहे. रंग तो झाकेल, सुधारणार नाही.

५. फळीची बिजागरी

उजव्या चित्रात फळी उघडी दाखवायची आहे. आपण ती वरून टांगलेली धरू, चित्राला सोयीचं पडतं. साधा प्रयत्न केलात तर फळी निवडून वरच्या गोल बाणाने फिरवाल, आणि ती पंख्याच्या पात्यासारखी मधोमध फिरेल. पॉवरपॉइंट आकार नेहमी मध्यबिंदूभोवती फिरवतो. मग माणूस फिरवतो, सरकवतो, पुन्हा फिरवतो, आणि दार चौकटीतून निखळल्यासारखं दिसतं.

उपाय असा. फळी निवडा, कंट्रोल+डी ने तिची प्रत काढा. प्रत मूळ फळीच्या अगदी वर बसवा: आडवी जागा तीच ६.७, उभी ११. म्हणजे एकीचा तळ आणि दुसरीचा माथा १३ वर टेकले. वरच्या प्रतीला 'नो फिल' आणि 'नो आउटलाइन' द्या. ती आता दिसत नाही, पण आहे. दोन्ही निवडून कंट्रोल+जी ने गट करा. गटाचा मध्यबिंदू नेमका सांध्यावर येतो, म्हणजे बिजागरीवर. यापुढे हा गट फिरवला की दिसणारी फळी वरच्या टोकाभोवती झुलते.

एकदा फिरवून बघा, मग कंट्रोल+झेड. भरतीच्या चित्रात ती सरळच राहायची आहे. इम्प्रेसमध्ये फिरवण्याचा मध्यबिंदू ओढून हलवता येतो, तिथे या खटाटोपाची गरज पडत नाही.

६. मजकूर

नाव ज्या आकाराचं असेल ते त्या आकारातच टाइप करा: आकार निवडा आणि लिहायला लागा. चौकोनावर वेगळा टेक्स्ट बॉक्स ठेवणं ही सर्रास चूक आहे. चौकोन हलतो, नाव जागेवर राहतं. आपल्या चित्रात 'नदी' हे नाव नदीच्या चौकोनातच लिहा, पण चौकोनाचा उजवा भाग बांधामागे आहे, म्हणून मजकूर डावीकडे सरकवा. 'फळी' मात्र ०.३ सेंमीत मावणार नाही. तिला बाहेर टेक्स्ट बॉक्स आणि एक रेघ द्या.

देवनागरीचा वेगळा त्रास असतो. वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असल्याने अक्षराला उंची जास्त लागते. आकार बुटका असला की पॉवरपॉइंट कधी अक्षर लहान करतो, कधी आकारच वाढवतो, आणि आपली रांग मोडते. राइट क्लिक, फॉरमॅट शेप, टेक्स्ट बॉक्समध्ये जाऊन 'डू नॉट ऑटोफिट' निवडा. अक्षर मावत नसेल तर शब्द कमी करा. 'खाजन क्षेत्रातील साचलेले पाणी' कशाला, 'खाजन' पुरे.

अक्षराचा आकार नावांना २० च्या खाली नको, शीर्षकाला ३६ च्या आसपास. फॉन्ट युनिकोडच हवा: निर्मला यूआय विंडोजबरोबर येतो, मंगल जुन्या यंत्रांवरही असतो. डीटीपीच्या दुकानातून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप करून आणलेला मजकूर चिकटवू नका. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर 'बांध' च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

७. बाण

दोन प्रकार आहेत आणि ते मिसळू नका. पाणी कुठे वाहतं ते दाखवायला जाड बाण, म्हणजे ब्लॉक ॲरो. नाव कशाचं ते दाखवायला बारीक रेघ.

रेघ काढताना टोक आकाराच्या कडेजवळ नेलं की कडेवर ठिपके उमटतात. टोक ठिपक्यावर सोडा. चिकटलं की ते हिरवं दिसतं. चिकटलेली रेघ आकाराबरोबर हलते. नुसती टेकवलेली रेघ हलत नाही, आणि आभाळातले बाण असेच तयार होतात. रेघ आडवी किंवा उभी सरळ हवी असेल तर ओढताना शिफ्ट दाबा.

भरतीच्या चित्रात एकच जाड बाण, नदीकडून फळीकडे, फळीपाशी थांबणारा. तो बांधातून आरपार गेला तर चित्र खोटं बोलतं. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, अर्ध्या मुलांच्या चित्रात तो आरपार गेलेला असतो.

*तपासणी:* ज्या आकाराला रेघ चिकटवली तो हलवून बघा. रेघ मागे आली तर कंट्रोल+झेड करून पुढे जा.

८. आता रंग

नदीला गडद निळा, खाजनातल्या पाण्याला आणि वाटेला फिकट निळा, बांधाला तांबडट तपकिरी, फळीला काळा. बाणांना बांधात मिसळणार नाही असा एकच रंग. संपलं. सावल्या, चकाकी, उतरत्या छटा नकोत. उजेड असलेल्या वर्गात प्रोजेक्टरवर त्या मळक्या दिसतात. गडद निळ्यावर अक्षर पांढरं करा. रंग निवडताना वरचे थीम कलर्स घ्या, म्हणजे पुढे थीम बदलली तर सगळे एकत्र बदलतील. आता काळ्या कडा काढून टाका.

व्ह्यू टॅबमध्ये ग्रेस्केल आहे, एकदा त्यातही बघा. हँडआउटची झेरॉक्स काळीपांढरीच निघणार आहे.

९. गट करा, मग प्रत काढा

डावं चित्र पूर्ण तपासून झालं का? नावं, बाण, रंग सगळं? मगच पुढे. आधी प्रत काढलीत तर प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते.

शीर्षक सोडून सगळं निवडा, कंट्रोल+जी, मग कंट्रोल+डी. प्रतीची आडवी जागा १७.८७ लिहा आणि उभी जागा मूळ गटाची असेल तीच. एखादं नाव १४.५ च्या बाहेर डोकावत असेल तर गटाची कड बदलते आणि हा आकडा जुळत नाही. आधी ते नाव आत घ्या.

प्रत जागेवर बसली की कंट्रोल+शिफ्ट+जी ने तिचा गट सोडा. फळीचा आतला गट तसाच राहतो. आता तीन बदल करायचे.

पहिला, नदीची उंची २ करा. इथे सावध राहा. उंचीचा आकडा बदलला की पॉवरपॉइंट वरची कड जागेवर ठेवतो आणि तळ वर उचलतो. नदी हवेत तरंगू लागते. उभी जागा १३ करा, तळ परत १५ वर येईल.

दुसरा, फळीच्या गटाला रोटेशनमध्ये ३० अंश द्या. घड्याळाच्या दिशेने फिरलं की खालचं टोक डावीकडे, नदीकडे जातं. तेच हवंय.

तिसरा, बाण उलटा करून वाटेतून नदीकडे न्या. रोटेट, फ्लिप हॉरिझाँटल केलं की बाण उलटतो. दोन्ही चित्रांवर 'भरती' आणि 'ओहोटी' अशी नावं एकाच उंचीवर ठेवा आणि दुसऱ्या चित्राचाही गट करा.

*इशारा:* ॲनिमेशन द्यायचंच असेल तर या टप्प्यानंतर. आधी दिलेलं ॲनिमेशन गट करताना उडतं. मी फक्त दोन जाड बाणांना 'वाइप' देतो, आणि त्यासाठी ते बाण गटाबाहेर ठेवतो.

१०. फोटो हवा असेल तर पुढच्या स्लाइडवर

आकृतीच्या शेजारी फोटो कोंबू नका. रायबंदरहून फेरीने चोडणला जाऊन स्वतः मानशीचा फोटो काढलात तर उत्तम. इंटरनेटवरून घेतलात तर तो वापरायची परवानगी आहे का आणि छायाचित्रकाराचं नाव द्यायचं आहे का, ते बघा. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फोटोखाली ते लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवला की तो दाबला जातो आणि पडद्यावर फुटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लहानमोठा करताना फक्त कोपऱ्याचा ठिपका ओढा. बाजूचा ओढलात तर बांधावरची माणसं बुटकी होतात. फोटो बसले की कॉम्प्रेस पिक्चर्स चालवा, नाही तर फाइल मेलवर जाणार नाही.

११. दुसऱ्या यंत्रावर उघडा

फाइल, ऑप्शन्स, सेव्ह मध्ये 'एम्बेड फाँट्स' वर खूण करा आणि सेव्ह करा. मग त्याच स्लाइडची एक पीडीएफही काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. पीडीएफमध्ये ॲनिमेशन हलत नाही, पण चित्र मोडत नाही. पावसाळ्यात काम करत असाल तर दर पायरीनंतर कंट्रोल+एस; जूनमधली वीज कुणाची वाट बघत नाही.

आता फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर उघडा, शक्यतो ज्यावर सादर करणार त्याच यंत्रावर. एफ५ दाबा आणि वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसा. तिथून फळी उघडी की बंद हे दिसत नसेल तर फळीची रुंदी ०.३ वरून ०.५ करा. आता ती गटात आहे, तेव्हा दिसणारी आणि न दिसणारी, दोघींची.